तेराव्या वर्षाची गाणी

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत किंवा ब्रह्मपुरीच्या एखाद्या शिकवणीवर्गाबाहेर उभ्या असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या कानातला इअरफोन काढून आपल्या कानाला लावला, तर हल्ली एखादे वेळी जपानी ऐकू येतं. बहुधा ते ॲनिमे मालिकेचं शीर्षकगीत असतं, नाहीतर मालिकेतल्या रडवणाऱ्या प्रसंगी वाजणारी बासरी. शब्द त्याला कळत नाहीत, पण पाठ असतात. मालिका हिंदीत पाहिलेली असली तरी गाणं मूळ जपानीतलंच हवं असतं. घरच्यांना याचं नवल वाटतं आणि मागोमाग काळजीही वाटते. हसण्या-खेळण्याचं वय, मग पोराला हे असलं उदास काय आवडतं?

मला वाटतं, उदास गाणं आणि तेरा-चौदाचं वय यांची गाठ फार जुनी आहे. जपानमधली काही सर्वांत दुःखी गाणी याच वयाच्या, किंबहुना याहून लहान मुलींनी रचली. ती कुणी त्यांच्यासाठी लिहिली नव्हती. त्यांच्या पाठीवर दुसऱ्याचं मूल बांधलेलं होतं आणि ते रडायचं थांबत नव्हतं, त्यातून ती आली.

क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, इत्सुकी नावाचं डोंगरातलं गाव आहे. चहूकडे जंगल, कसायला जमीन थोडी, आणि होती ती मोजक्या घरांच्या हाती. कुळांच्या घरातली मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की तिला बऱ्या स्थितीतल्या घरी मूल सांभाळायला पाठवत. पैसा मिळेल ही आशा कमीच; घरातलं एक खाणारं तोंड कमी होईल, हा हिशेब मोठा. अशा मुलींना कोमोरी म्हणत. दिवसभर बाळ पाठीशी बांधून त्या गावात हिंडत, आडोशाला एकत्र जमत, आणि एकमेकींना ऐकवत गात. म्हणायला ती अंगाई. पण ‘इत्सुकीची अंगाई’ ऐकली तर बाळाला झोपवण्याची गोष्ट तिच्यात फारशी नाहीच. तिच्यात बोनच्या सणाची वाट पाहणं आहे. बोन म्हणजे उन्हाळ्यात पितरांना घरी बोलावण्याचा सण. तो आला की चाकरीतून सुटका आणि घरची वाट. तिच्यात मालकाच्या घरच्या मुलींच्या चांगल्या कपड्यांकडे पाहणं आहे. आणि आपण मेलो तर कुणाला वाईट वाटेल, हा प्रश्न आहे. दहा-बारा वर्षांची पोर हे गाते, आणि ज्याच्यासाठी गाते त्या बाळाला त्यातलं काही कळत नाही. म्हणूनच तिला ते मोकळेपणी गाता येतं.

गडचिरोलीच्या वाचकाला या गावाची आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. इत्सुकीच्या खोऱ्यात कावाबे नदीवर धरण बांधायची योजना १९६६मध्ये जाहीर झाली. धरण अजून उभं राहिलेलं नाही, वाद मात्र अर्धशतकाहून अधिक काळ चालला, आणि दरम्यान खालच्या वस्तीतली घरं उठून वर डोंगरात गेली. गाणं जगभर पोहोचलं आणि गाणाऱ्यांच्या घरांची जागा बदलली. मेडीगड्डा बंधाऱ्याचं पाणी शेतात शिरताना ज्यांनी पाहिलं, त्या सिरोंच्याच्या माणसांना यावर वेगळं काही सांगायला नको.

दुसरी अंगाई क्योतोची. शहराच्या दक्षिणेला, फुशिमीत, ताकेदा नावाची वस्ती आहे. चामडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशी कामं ज्यांच्या माथी मारली आणि मग त्या कामांवरूनच ज्यांना विटाळाचं मानलं, त्या बुराकू समाजाची ती वस्ती. जपानने १८७१मध्ये कायद्याने हा भेद संपवला. प्रत्यक्षात लग्न ठरवताना आणि नोकरी देताना लोक पत्त्यावरून माणूस ओळखत राहिले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्येच या समाजाने ‘सुईहेइशा’ ही आपली संघटना उभी केली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून पाच वर्षं होती.

ताकेदाची अंगाईही मूल सांभाळणाऱ्या मुलीचीच आहे. बर्फ पडू लागलंय, बाळ रडतंय, आणि आपलं घर पलीकडे कुठेतरी दिसतंय. १९७१मध्ये ‘आकाई तोरी’ या गटाने ती गायली आणि सगळा जपान ती गुणगुणू लागला. गाणं कुठल्या वस्तीतलं आहे, हे सुरुवातीला गाणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर दूरचित्रवाणी आणि रेडिओवाल्यांनी ते वाजवायचं हळूच सोडून दिलं. कुणी बंदी घातली नव्हती. १९९९मध्ये तात्सुया मोरी यांनी अशा ‘न वाजवल्या जाणाऱ्या’ गाण्यांवर माहितीपट केला, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत असल्याचं दिसलं. नको ती भानगड, एवढंच कारण. गाणं सगळ्यांना हवं होतं आणि ते ज्यांचं होतं त्यांचं नाव कुणालाच घ्यायचं नव्हतं.

हे वाचताना मला चंद्रपूर आठवतं. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला तिथल्या दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं येतात आणि भीमगीतं गातात. त्या गाण्यांतही दुःख काठोकाठ असतं. पण गाणारा आपलं नाव, आपली वस्ती, आपला बाप लपवत नाही. उलट ते घोषासारखं म्हणतो. ताकेदाच्या त्या मुलीला हे मिळालं असतं तर तिचं गाणं वेगळं झालं असतं का, सांगता येत नाही. एवढं खरं की चंद्रपूरच्या कितीतरी मुलांनी दुःखाचं गाणं आधी असं ऐकलेलं असतं: मान वर करून, हजारोंच्या गर्दीत, आईच्या कडेवरून.

तिसरं गाणं जपानमध्ये प्रत्येकाला येतं. ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुर. कवी मिकी रोफू पाच वर्षांचा असताना त्याचे आईवडील वेगळे झाले आणि आई घर सोडून गेली. पुढे १९२१मध्ये त्याने ही कविता लिहिली आणि १९२७मध्ये कोसाकू यामादा यांनी तिला चाल दिली. संध्याकाळच्या उजेडातला चतुर कवीला आठवतो तो कुणाच्या तरी पाठीवरून पाहिलेला. ज्या मुलीच्या पाठीवर तो होता, ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि मग तिची खबरही येईनाशी झाली. म्हणजे या गाण्यात पाठीवरचं बाळ मोठं होऊन त्या कोमोरीची आठवण काढतं. मला तिन्हींत हे सर्वांत जवळचं वाटतं. पाऊस सरताना नागभीड, सिंदेवाही, मूलकडच्या धानाच्या बांध्यांवर असेच चतुर घिरट्या घालत असतात, आणि पंधराव्या वर्षी उजवलेल्या मुली इकडच्या आज्यांच्या पिढीत घरोघरी होत्या.

त्या आज्यांनीही गाणी म्हटली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडायच्या, काही ठिकाणी अजून मांडतात. संध्याकाळी घरोघर जाऊन फेर धरायचा, टिपऱ्या वाजवायच्या, खिरापत ओळखायची. गाण्यांचा विषय मात्र माहेर आणि सासर. दहा-बारा वर्षांच्या मुली माहेरच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या सुनेचं गाणं म्हणत, आणि दोन-चार वर्षांत ते त्यांचंच होई. रोवणीच्या चिखलात वाकून धानाचे परे लावणाऱ्या बायकांच्या गाण्यांतही भाऊ न आल्याची, आई दुरावल्याची तक्रार असायची, आणि रांगेत शेवटी उभी असलेली चौदा वर्षांची पोर ती गाणी उचलत जायची. उदास गाणं शिकवायला वेगळा वर्ग नव्हता. पण त्या रांगेत ती एकटीही नव्हती.

आता सुरांकडे येतो, कारण भाषा न कळता गाणं का लागतं याचं अर्धं उत्तर तिथे आहे. फुमिओ कोइझुमी (१९२७–१९८३) हा जपानी संगीताचा मोठा अभ्यासक. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात राहून भारतीय संगीत शिकला, आणि पुढे विद्यार्थ्यांना घेऊन तोक्योच्या शाळांतल्या मुलांची खेळगाणी गोळा करत फिरला. जपानी स्वरसप्तकांची त्याने जी मांडणी केली, तीत ‘मियाकोबुशी’ नावाचा एक पाच स्वरांचा साचा आहे. षड्ज, कोमल रिषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत. हे आपल्या गुणकलीचे स्वर. कोमल धैवत काढून कोमल निषाद घेतला की जपानी कोतो ज्या एका रीतीने लावतात ते सप्तक होतं, आणि आपल्याकडे तो बैरागी. ‘लाल चतुर’चे स्वर मात्र भूपाचे: मध्यम आणि निषाद वर्ज्य. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे खरं. जपानी गाणं गुणकलीसारखं रिषभावर झुलत नाही. तरीही पहाटेच्या भजनात आणि विहारातल्या वंदनेत ज्या कानाने कोमल रिषभ-धैवत ऐकलेत, त्याला हे स्वर परके वाटण्याचं कारण नाही.

आजच्या जपानी गाण्यांची रीत आणखी वेगळी आहे. त्यांच्यात पाश्चात्त्य स्वरमेळ आहेत, आणि मेळांची एक साखळी तिथे इतकी वापरली जाते की तिला ‘राजरस्ता’ म्हणतात. ती चौथ्या स्वराच्या मेळापासून निघते, पाचव्यावर जाते, मग तिसऱ्यावर आणि सहाव्यावर. पहिल्या, षड्जाच्या मेळावर ती येतच नाही. माहेरच्या उंबरठ्यापर्यंत येऊन दर वेळी परत फिरावं तशी ती पुन्हा चौथ्यावर जाते. ऐकणाऱ्याला हे शास्त्र माहीत नसतं. काहीतरी पुरं व्हायचं राहिलंय एवढंच त्याला जाणवतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी नेमकं तेच तर जाणवत असतं.

जपानी शब्दांचं म्हणाल, तर वैदर्भीय कानाला तेही नवे नाहीत. १९३३मध्ये निचिदात्सू फुजी हे जपानी भिक्षू वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेत आला आणि सेवाग्रामला आजही तो म्हटला जातो. १९६०च्या दशकात भारतात आलेले भदंत सुरेई ससाई नागपूरच्या इंदोऱ्यात ढोल वाजवत हाच मंत्र म्हणत हिंडले आणि इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी देणगीतून १९९९मध्ये उभं राहिलं. चंद्रपूरच्या शाळांच्या सहली तिथे जातात. म्हणजे अर्थ न कळता जपानी म्हणणारी ही मुलं इथली पहिली नव्हेत.

ती ऐकतात ते काय? ‘नारुतो’ त्यात हटकून असतो. २००२मध्ये सुरू झालेली ही मालिका एका अनाथ पोराची आहे. गाव त्याला टाळतं, कारण जन्मतः त्याच्या पोटात एक राक्षसी कोल्हा कोंडलेला आहे. यात त्याचा दोष काहीच नाही. तोशिओ मासुदा यांनी या मालिकेला शामिसेन, बांबूची बासरी आणि जपानी ढोल वापरून संगीत दिलं. झोक्यावर एकट्या बसलेल्या नारुतोच्या मागे जी धून वाजते, ती शब्दांविना आहे आणि मुलांच्या मोबाइलवर सर्वांत जास्त फिरते. पहिलीत असतानाच घर सोडून आश्रमशाळेच्या वसतिगृहात आलेल्या, दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मोजणाऱ्या पोराला ती का लागते, हे मला विचारावं लागत नाही. आश्रमशाळा म्हणजे चाकरी नव्हे. तिथे मूल शिकायला जातं आणि शिकून पुढे जातं. पण सणाची वाट पाहणं तेच आहे, आणि रात्री उशीवर डोकं टेकल्यावर येणारी घरची आठवणही तीच आहे.

मग केन्शी योनेझूचं २०१८चं ‘लेमन’. ते तयार होत असताना त्याचे आजोबा गेले आणि गाण्याचा सूरच बदलला. मग आदो ही गायिका, जिचं पहिलं मोठं गाणं २०२०मध्ये ती अठरा वर्षांची होण्याच्या आदल्या दिवशी आलं, आणि जी तेव्हा आपला चेहरा दाखवत नव्हती. फुजी काझेचं एक गाणं तर २०२२मध्ये, प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, जपानबाहेरच्या मुलांनी छोट्या व्हिडिओंतून उचलून जगभर नेलं. २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हे सगळं तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलं. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत टॉवर उशिरा आले आणि अजूनही रेंज मिळते न मिळते. तिथे गाणी मित्राच्या मेमरी कार्डातून प्रवास करतात.

एका गाण्याबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे. योआसोबी या जोडीचं ‘योरू नी काकेरू’ डिसेंबर २०१९मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी जपानच्या बिलबोर्ड यादीत वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं. चाल इतकी चपळ की पाय थिरकतात. ज्या कथेवर ते बेतलंय, ती आत्महत्येची आहे. मुलं महिनोन्‌महिने गुणगुणतात आणि मग एक दिवस कुठेतरी भाषांतर वाचतात. ज्या समाजातून हे गाणं आलं, तिथे २०२२मध्ये ५१४ शाळकरी मुलांनी जीव दिला. हा आकडा त्या गाण्यांच्या पाठीमागे उभा आहे आणि तो झाकून या गाण्यांचं कौतुक करणं मला जमणार नाही.

पण म्हणून गाणं काढून घ्यावं, हे मला पटत नाही. जपानच्याच संशोधक आइ कावाकामी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ४४ जणांना दुःखी संगीत ऐकवून एक प्रयोग केला. ऐकणाऱ्यांना ते संगीत दुःखी आहे हे कळत होतं, पण त्यांना स्वतःला वाटणारं दुःख त्याहून कमी होतं, आणि सोबत एक गोडवाही होता. आपल्याकडे करुणरसाची चर्चा याच टोकापासून सुरू होते. रस मुळात एकच आणि तो करुण, असं ठामपणे म्हणणारा भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा. वा. वि. मिराशींनी हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं गाव, असं मांडलं आहे. म्हणजे करुणरसाचा सर्वांत मोठा कैवारी पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचाच.

काळजी करायची ती गाण्याची नव्हे. पोर जेवेनासं झालं, रात्र-रात्र जागू लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, आपण नसलो तर बरं असं बोलू लागलं, तर ते गाण्यावर ढकलून गप्प बसू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, फोनला पैसे लागत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राममधून डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ शिबिरं घेतात, त्यांत या वयाच्या मुलांशी शरीराबद्दल आणि मनाबद्दल उघड बोललं जातं. असं बोलणं घरी आणि वर्गात झालं, तर मुलाच्या हातातलं गाणं म्हणजे बोलायला मिळालेली आयती सुरुवात आहे. कुठलं ऐकतोस, ते कशाबद्दल आहे, एवढं विचारलं तरी पुरतं. शिक्षकांनी तर स्नेहसंमेलनात गोंडी रेला नृत्याच्या शेजारी एक जपानी गाणं मुलांना म्हणू द्यावं. इत्सुकीच्या मुलींची गोष्ट सांगून म्हणू द्यावं.

कारण मला खटकते ती एकच गोष्ट, इअरफोनची. कोमोरी मुली एकमेकींना ऐकवत होत्या, भुलाबाईच्या मुलींचा फेर होता, रोवणीला रांग होती. आजच्या पोराच्या कानात गाणं आहे, पण शेजारी कुणी नाही.

आणि हे झाडीपट्टीत घडतं म्हणून जास्त खटकतं. कारण चारचौघांत बसून रडण्याची एवढी मोठी सोय महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे उरलेली नाही. धान निघालं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत मंडई भरते, दिवसा दंडार होते, बैलांचे पट होतात, आणि रात्री नाटक. ते पहाटेपर्यंत चालतं. वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं रस्त्याच्या दुतर्फा आहेत. तिथून तारखा ठरतात आणि होळीपर्यंत ट्रक सामान घेऊन गावोगाव फिरतात. ऑर्गन, तबला, ढोलक समोर जिवंत वाजतात. डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकात घर मोडतं, बहीण भावाला दुरावते, आई पोराची वाट पाहत मरते, आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेलं अख्खं गाव रडतं. बायका पदराने डोळे पुसतात, म्हातारे खाकरतात, आणि मधे बसलेल्या चौदा वर्षांच्या पोराला कुणी विचारत नाही की तुला असलं का आवडतं.

तोच पोरगा घरी येऊन मोबाइलवर नारुतोची बासरी लावतो. ऑर्गनवाल्याला ती ऐकवली तर दोन मिनिटांत तो ती वाजवून दाखवेल. झाडीपट्टीचे वादक अशा कितीतरी चाली इकडून तिकडून उचलून आपल्या करून घेतात. आता भाऊबीज झाली की पहिल्या तारखा लागतील. मागायला हरकत नाही.